मठाची भिंत आणि लोकांचा रस्ता

उज्जैन शहरात रेल्वे-स्थानकापासून जवळच देवास गेट हा भाग आहे. तेथील बस-स्थानकावरून इंदूरकडे, देवासकडे आणि माळव्यातील लहानमोठ्या गावांकडे जाणाऱ्या गाड्यांची ये-जा चालू असते. महाकालेश्वराच्या दर्शनास आलेले यात्रेकरू, बाजाराला आलेले शेतकरी, परीक्षेस निघालेले विद्यार्थी यांच्या गर्दीत एखादी धर्मभगिनी हातात पिशवी घेऊन गाडीची वाट पाहत उभी असली, तर आज त्याचे कोणास नवल वाटत नाही. शिप्रेच्या काठी साधू-साध्वी पाहण्याची सवय जडलेल्या त्या नगरात तिच्याकडे आदराने पाहिले जाते. शिंदेशाहीच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधारी माणसे तिला ‘सिस्टर’ म्हणतात आणि बसायला जागा करून देतात.

परंतु आमच्या धर्मशिक्षकांना तिच्याविषयी दोन प्रश्न हमखास विचारण्यात येतात. पहिला प्रश्न असा की, ही संन्यासिनी असेल तर मठात न राहता बस-गाड्यांतून का हिंडते? दुसरा याच्या अगदी उलट आहे. ही दवाखाना चालविणारी किंवा शिकविणारी समाजसेविका असेल, तर तिला व्रतांची गरजच काय? या दोन्ही प्रश्नांना तर्काने दिलेले उत्तर अपुरे पडते. त्यांचे खरे उत्तर इतिहासात आहे. देवास गेटवर उभी असलेली ती धर्मभगिनी तेथे सहजासहजी पोहोचलेली नाही. तिला तेथे येण्यास सुमारे सहाशे वर्षे लागली, आणि त्या वाटेवर कित्येक स्त्रियांनी बंदिवास, अपमान व प्रसंगी मृत्यूही सोसला. हा इतिहास संक्षेपाने मांडावा आणि त्यापासून आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी काय बोध घ्यावा, याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. आरंभीची शतके

देवासाठी अविवाहित राहणाऱ्या स्त्रिया ख्रिस्तसभेत प्रेषितांच्या काळापासून आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत संदेश सांगणाऱ्या फिलिपाच्या चार कुमारिका कन्यांचा उल्लेख येतो आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या नोंदीविषयी सूचना आढळतात. या स्त्रिया आपापल्या घरी राहून प्रार्थना व दानधर्म करीत. चौथ्या शतकात संत बासिल यांची थोरली बहीण संत माक्रीना हिने आपल्या कौटुंबिक मालमत्तेवरच स्त्रियांचा एक समुदाय उभारला. तेथे मालकिणी आणि त्यांच्या पूर्वीच्या दासी एकाच पंक्तीला बसत. सहाव्या शतकात आर्लचे बिशप संत सेझारियुस यांनी खास स्त्रियांसाठी नियमावली लिहिली आणि तीत असे घातले की, मठात आलेल्या स्त्रीने मरेपर्यंत मठाबाहेर पाऊल टाकू नये. परचक्रांच्या व लुटालुटीच्या त्या काळात या नियमामागे संरक्षणाची भावना होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि हा नियम त्या-त्या मठापुरता होता. सर्वांसाठी कायदा नव्हता.

२. भिंत कशी उंचावली

तेराव्या शतकात असिसीच्या संत क्लारेने आपले श्रीमंत घर सोडले आणि संत फ्रान्सिसच्या मार्गाने ती गेली. फ्रान्सिसचे बंधू गावोगाव हिंडले. क्लारा मात्र सान दामियानोच्या लहानशा मठात चाळीसहून अधिक वर्षे राहिली. तिचा झगडा भिंतीशी नव्हता. तो मालमत्तेशी होता. आपल्या मठाला कसलीही जमीनजुमल्याची मिळकत नसावी, हा आग्रह तिने एकामागून एक आलेल्या पोपांपुढे धरला आणि १२५३ साली, मृत्यूच्या अवघे दोन दिवस आधी, तिच्या नियमावलीस मान्यता मिळाली. स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेली व पोपनी मंजूर केलेली ही पहिली नियमावली होय. भिंतीच्या आतील जीवन म्हणजे पराधीन जीवन असे समजणाऱ्यांनी क्लारेचे चरित्र अवश्य अभ्यासावे. या क्लारेचे नाव पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

क्लारेच्या पश्चात पंचेचाळीस वर्षांनी, १२९८ साली, पोप आठवे बोनिफास यांनी सर्व मठवासिनींना मठमर्यादा सक्तीची केली. मठमर्यादा म्हणजे आतील व्यक्तीने बाहेर न जाणे व बाहेरच्या व्यक्तीने आत न येणे. १५६३ साली ट्रेंटच्या महासभेने या आज्ञेचा पुनरुच्चार केला आणि १५६६ साली पोप पाचवे पायस यांनी ती अधिक कडक केली. याचा अर्थ असा झाला की, स्त्रीला व्रते घ्यावयाची असतील तर भिंत स्वीकारली पाहिजे; आणि भिंत नको असेल तर ती खऱ्या अर्थाने व्रतस्थ नव्हे. पुरुषांना मात्र प्रवचनकार, शिक्षक, मिशनरी असे सर्व मार्ग मोकळे राहिले. एकाच ख्रिस्ताला दिलेले व्रत पुरुषाला जगाच्या टोकापर्यंत घेऊन जाई आणि स्त्रीला दाराच्या आत ठेवी, ही विसंगती पुढील तीन शतके टिकली.

३. गोव्याचा संत मोनिकेचा मठ

याच विचारसरणीचा एक भव्य अवशेष आपल्या शेजारी जुन्या गोव्यात उभा आहे. ऑगस्टिनियन संघाचे आर्चबिशप आलेक्सो दे मेनेझिस यांनी १६०६ साली तेथील टेकडीवर संत मोनिकेच्या मठाची स्थापना केली आणि १६२७ साली त्याची इमारत पूर्ण झाली. पूर्वेकडील देशांतील स्त्रियांचे हे अगदी आरंभीचे व फार मोठे मठगृह. जाड भिंती, उंच खिडक्या, आत प्रशस्त चौक अशी त्याची रचना आहे. आत येणाऱ्या साधिका मुख्यत्वे पोर्तुगीज वंशाच्या घराण्यांतील असत व येताना हुंडा आणीत. तेथे प्रार्थना झाली, तपश्चर्या झाली, पुण्यशील स्त्रियाही होऊन गेल्या. परंतु भोवतालच्या कोकणी-मराठी बोलणाऱ्या खेड्यांतील स्त्रीच्या जीवनाशी त्या मठाचा संबंध अत्यल्प होता. भिंत दोन्ही बाजूंनी भिंतच असते.

१८३४ साली पोर्तुगीज सरकारने मठसंस्थांविरुद्ध कायदे केले. नव्या साधिका घेणे बंद झाले आणि शेवटच्या वृद्ध साध्वींबरोबर तो मठ एकोणिसाव्या शतकातच रिकामा झाला. मात्र इतिहास येथे थांबत नाही. १९६४ साली त्याच वास्तूत धर्मभगिनींना ईशज्ञान शिकविणारी मातेर देई ही संस्था सुरू झाली. ज्या भिंतींच्या आत एके काळी स्त्रिया जगापासून दूर राहत, तेथेच जगात काम करणाऱ्या स्त्रिया अभ्यासासाठी येऊ लागल्या. आमच्या विषयाचे सार जणू या एका इमारतीत सामावले आहे.

४. दार उघडू पाहणाऱ्या स्त्रिया

भिंतीबाहेरील व्रतस्थ जीवनाची कल्पना गोव्याचा मठ बांधला जाण्यापूर्वीच युरोपात जन्मास आली होती. १५३५ साली इटलीतील ब्रेशा येथे संत अँजेला मेरीची हिने अठ्ठावीस तरुणींना एकत्र आणून संत उर्सुलेच्या नावाने संघ स्थापिला. या तरुणी स्वतःच्या घरी राहत, वेगळा मठवेष घालीत नसत आणि मुलींना धर्मशिक्षण देत. अँजेलाच्या मृत्यूनंतर काही दशकांतच, विशेषतः फ्रान्समध्ये, उर्सुलाइन भगिनींना मठमर्यादा स्वीकारावी लागली. १६१० साली संत फ्रान्सिस दे सालेस आणि संत जेन फ्रान्सिस दे शांताल यांनी रुग्णांच्या घरी जाणाऱ्या स्त्रियांचा संघ काढला. १६१८ पर्यंत तोही बंदिस्त मठ झाला.

याहून हृदयद्रावक कथा मेरी वॉर्ड या इंग्लिश स्त्रीची आहे. १५८५ साली जन्मलेली मेरी प्रथम क्लारेच्याच संघात दाखल झाली. पुढे तिला उमगले की आपले पाचारण वेगळे आहे. येशूसंघाच्या धर्तीवर, मठमर्यादा नसलेला आणि स्वतःच्या प्रमुख भगिनीच्या अधिकाराखाली चालणारा स्त्रियांचा संघ तिने उभारला व मुलींच्या शाळा काढल्या. १६३१ साली पोप आठवे अर्बन यांनी तो संघ बरखास्त केला. मेरीला म्युनिक येथे क्लारेच्या एका मठातच कोंडून ठेवण्यात आले. ती पोपपुढे नम्र राहिली, पण आपले पाचारण खोटे होते असे तिने कधी म्हटले नाही. १६४५ साली तिचा मृत्यू झाला. तिच्या सहकारिणींनी काम चालूच ठेवले. तथापि मेरी वॉर्ड हीच आपली संस्थापिका असे उघडपणे म्हणण्याची मुभा त्यांना १९०९ साली मिळाली.

तिसरा प्रयत्न यशस्वी झाला, कारण त्यात एक शहाणपण होते. १६३३ साली पॅरिसमध्ये संत व्हिन्सेंट दे पॉल व संत लुईझ दे मारियाक यांनी ‘प्रीतिकन्यां’चा संघ सुरू केला. या मुली बहुतेक खेड्यांतील होत्या. त्यांना मठवासिनी म्हणावयाचे नाही, त्यांनी जन्मभराची जाहीर व्रते न घेता दरवर्षी खासगी व्रते नव्याने घ्यावयाची, असे ठरविण्यात आले. त्यामुळे मठमर्यादेचा कायदा त्यांना लागूच होईना. रुग्णाचे घर हाच त्यांचा मठ आणि शहरातील रस्ते हेच त्यांचे आवार, असे व्हिन्सेंट त्यांना समजावीत असत. देवास गेटवर उभ्या असलेल्या भगिनीची पूर्वज शोधावयाची झाल्यास ती येथे सापडते.

५. भारतातील वाटचाल

एकोणिसाव्या शतकात युरोपात असे सेवाभावी संघ मोठ्या संख्येने निघाले आणि त्यांतील काही भारतात आले. फ्रान्समधील लियों येथे स्थापन झालेल्या येशू-मरिया संघाच्या भगिनी १८४२ साली आग्र्यास पोहोचल्या आणि पुढे मुंबई व पुणे येथेही त्यांच्या शाळा निघाल्या. बेल्जियममधील लिएज येथे १८३३ साली स्थापन झालेल्या क्रुसाच्या कन्यांनी मुंबई इलाख्यात काम केले. पाचगणीची त्यांची शाळा १८९५ पासूनची आहे. याच संघातील जर्मन भगिनी अॅना हुबर्टा रोगेनडॉर्फ यांनी १९४२ साली अंधेरी येथे अनाथ व निराधारांच्या सेवेसाठी मरियेच्या साहाय्यकांचा स्वतंत्र संघ सुरू केला.

परंतु केरळात भारतीय स्त्रियांचा आपला संघही जन्मास आला. १८६६ साली कूनम्मावू येथे बांबूच्या एका साध्या घरात एलीश्वा वाकयिल ही विधवा, तिची मुलगी आणि तिची बहीण या तिघींनी कार्मेल संघाच्या तृतीय शाखेचे जीवन सुरू केले. संत कुरियाकोस एलियास चावरा व इटालियन कार्मेलाइट धर्मगुरू लिओपोल्ड बेक्कारो यांचे त्यांना मार्गदर्शन होते. तीमथ्याच्या पत्रातील विधवेचा वारसा अठराशे वर्षांनी भारतात असा प्रकटला. मदर एलीश्वा यांना ८ नोव्हेंबर २०२५ रोजी धन्यवादित घोषित करण्यात आले. १८८८ साली चंगनाशेरी येथे फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघ स्थापन झाला. हा संघ क्लारेचे नाव धारण करतो. मात्र तो बंदिस्त मठाचा नसून फ्रान्सिस्कन तृतीय शाखेच्या परंपरेतील, लोकांत काम करणारा संघ आहे. २००८ साली संतपद पावलेली संत अल्फोन्सा याच संघाची.

६. कायद्याची मान्यता

हे सर्व संघ इतके कार्य करीत असताना कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या भगिनी पूर्णार्थाने व्रतस्थ मानल्या जात नव्हत्या. ८ डिसेंबर १९०० रोजी पोप तेरावे लिओ यांनी आज्ञापत्र काढून साधी व्रते घेणाऱ्या संघांना रीतसर स्थान दिले. तरीही काही दारे बंदच होती. व्रतस्थ स्त्रियांनी प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करण्यास १९३६ पर्यंत मनाई होती. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत व उपचारावाचून मरतात, हे रावळपिंडी येथे पाहून डॉ. अॅना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवा करणाऱ्या स्त्रियांचा संघ काढला होता. पण मनाईमुळे त्यांना अकरा वर्षे जाहीर व्रतांवाचून राहावे लागले. भारतीय उपखंडातील मातांच्या मृत्यूंनी रोमचा कायदा बदलण्यास हातभार लावला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मेरी वॉर्डच्या परंपरेतील लोरेटो संघातच कोलकात्याच्या मदर तेरेसा होत्या. विशेष म्हणजे ज्या संघाच्या संस्थापिकेला मठमर्यादा नको म्हणून कोंडण्यात आले, त्याच संघाच्या आवाराबाहेर, गरिबांच्या वस्तीत राहण्यास जाण्यासाठी मदर तेरेसांना १९४८ साली रोमची परवानगी मागावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली सर्व संघांना आपापल्या संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे परतण्यास व काळानुरूप बदल करण्यास सांगितले. लॅटिन ख्रिस्तसभेसाठी १९८३ ची व पौर्वात्य ख्रिस्तसभांसाठी १९९० ची कायदेसंहिता आली. उज्जैनचा धर्मप्रांत सिरो-मलबार असल्याने तेथे दुसरी संहिता लागू आहे. बंदिस्त मठाचे ध्यानपर जीवन आजही ख्रिस्तसभेला प्रिय आहे. फरक एवढाच की, ते आता एक पाचारण आहे, सर्व स्त्रियांवरील सक्ती नाही. ६ जानेवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला यांना व्रतस्थ जीवनाच्या रोममधील खात्याचे प्रमुखपद दिले. अशा खात्याच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

७. उदयनगरची बस

आता आपण पुन्हा माळव्याच्या रस्त्यावर येऊ. देवास जिल्ह्यातील उदयनगर हे गाव इंदूर धर्मप्रांतात मोडते. क्लारिस्ट संघाच्या सिस्टर राणी मारिया १९९२ साली तेथे आल्या. केरळातील पुल्लुवळी येथे १९५४ साली जन्मलेल्या या भगिनीने १९७४ साली पहिली व्रते घेतली होती आणि उत्तर भारतातील खेड्यांत दीर्घकाळ काम केले होते. उदयनगरच्या परिसरातील भूमिहीन व आदिवासी कुटुंबे सावकारी कर्जात बुडालेली होती. सरकारी योजना कोणत्या, बँकेचे कर्ज कसे मागावे, बचत गट कसा चालवावा, हे त्या घरोघर जाऊन शिकवीत. लोक कर्जमुक्त होऊ लागले, तसे काहींचे हितसंबंध दुखावले.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी सकाळी त्या उदयनगरहून इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. नचनबोरच्या डोंगराळ भागात गाडी थांबवून भाडोत्री मारेकऱ्याने प्रवाशांच्या देखत त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. त्यांच्या देहावर ५४ जखमा आढळल्या. त्या वेळी त्यांचे वय ४१ वर्षांचे होते. पुढे त्यांची धाकटी बहीण, त्याच संघातील सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास भेटली व २००२ साली तिने त्याच्या हाताला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना रक्तसाक्षी म्हणून धन्यवादित घोषित करण्यात आले.

संत क्लारेने मठाच्या चार भिंतींत चाळीस वर्षांहून अधिक काळ आपले जीवन वाहिले. तिच्या नावाच्या संघातील भगिनीने ते बसमध्ये, लोकांच्या देखत वाहिले. आमच्या मते या दोन अर्पणांत फरक आहे तो स्थळाचा. म्हणूनच धर्मशिक्षकाला विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. व्रत म्हणजे स्वतःला संपूर्णपणे देवाच्या हाती देणे; भिंत हे त्या व्रताचे एक रूप, रस्ता हे दुसरे. नुसती समाजसेविका धोका दिसताच बदली मागून घेईल, आणि तसे करण्यात तिचा दोषही नाही. सिस्टर राणी मारिया मात्र थांबल्या, कारण त्यांचे जीवन त्यांनी आधीच देऊन टाकले होते.

८. आपणांसाठी

हा इतिहास वाचून आपण धर्मगुरूंनी आपल्या मनाला एक प्रश्न विचारावा. कायद्याने भिंत पाडली. आपल्या धर्मग्रामात आपण ती दुसऱ्या रूपाने पुन्हा उभी तर करीत नाही ना? धर्मभगिनी ही धर्मगुरूची मदतनीस, वेदीची वस्त्रे धुणारी, स्वयंपाकघर सांभाळणारी, पगारावाचून शाळा चालविणारी व्यक्ती आहे असे समजणे, हीदेखील एक भिंतच होय. २०१८ च्या मार्चमध्ये व्हॅटिकनच्याच वृत्तपत्राच्या स्त्रीविषयक मासिक पुरवणीने भगिनींच्या अशा विनामोबदला श्रमांवर उघडपणे लिहिले. १९८३ ची संहिता सांगते की, बिशपनी एखाद्या संघाकडे काम सोपविताना कामाचे स्वरूप, त्यासाठी द्यावयाच्या भगिनी व आर्थिक व्यवहार यांविषयी संघाच्या अधिकाऱ्याशी लेखी करार करावा. असा करार आपल्या धर्मग्रामाच्या दप्तरात आहे काय, हे पाहून घेण्यास फार वेळ लागत नाही.

धर्मशिक्षकांना आमचे सांगणे असे की, पाचारणाच्या रविवारी मुलींना केवळ त्यागाच्या कथा सांगू नयेत. अँजेला, मेरी वॉर्ड, लुईझ, एलीश्वा आणि राणी मारिया यांची नावे क्रमाने सांगावीत, म्हणजे एखादी मुलगी आपल्या पाचारणाला भिण्याऐवजी त्याचा विचार करील. या स्त्रियांपैकी कोणीही ख्रिस्तसभेचा त्याग केला नाही. त्यांनी ख्रिस्तसभेला तिचेच एक विसरलेले कार्य आठवून दिले. पुनरुत्थित प्रभूने मरिया माग्दालियेला कबरेपाशी थांबवून ठेवले नाही. त्याने तिला बंधूंकडे निरोप घेऊन पाठविले. देवास गेटवर किंवा आपल्या तालुक्याच्या बस-स्थानकावर एखादी धर्मभगिनी गाडीची वाट पाहत उभी असलेली दिसली, तर ती त्याच निरोपाच्या वाटेवर आहे हे आपण ओळखावे आणि तिचा मार्ग मोकळा ठेवावा.